आइखहॉर्नांकडची लीना

हायडनग्रुंडमध्ये वाणसामानाचं दुकान एकच, पण नावं मात्र त्याला बरीच. म्हातारी माणसं म्हणत, "जरा आइखहॉर्नांकडे जाऊन येते." त्यांची मुलंबाळं म्हणत, "कोन्झूममध्ये आज काय आलंय?" कारण दुकान सहकारी संस्थेचं होतं आणि त्या संस्थेच्या सगळ्याच दुकानांना लोक कोन्झूम म्हणत. दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर तर 'विक्री केंद्र क्रमांक १२७' असं लिहिलं होतं. ते नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. गेर्लिंडे रेबानच्याही नाही, आणि ती तर त्या केंद्राची प्रमुख होती.

शिवाय भिंत ओली झाली की दारावरच्या चुन्याखालून जुनी अक्षरं डोकं वर काढत: कोलोनिआलवारेन. दूरदेशीच्या वसाहतींतून आलेला माल, म्हणजे कॉफी, साखर, मिरी, तांदूळ. लहानपणी गेर्लिंडेला ते दुकानदाराचं आडनाव वाटायचं. एकदा तिनं आइखहॉर्नबाईंना "कोलोनिआलवारेनबाई" म्हणून हाक मारली होती आणि दुकानातली सगळी बायकामंडळी हसली होती. पुढे दर दोन-तीन वर्षांनी सरकारी रंगारी यायचा, चुना फासून जायचा, आणि बर्फ वितळायला लागलं की अक्षरं पुन्हा वर यायची.

गेर्लिंडे १९५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिथं कामाला लागली. त्याच्या आदल्या वर्षी दुकानाचे मालक निघून गेले होते. गाव पूर्वेकडच्या साम्यवादी राजवटीत, अगदी सीमेला लागून, शेवटच्या कुरणापलीकडे पश्चिमेतला बव्हेरिया. बावन्नच्या जूनमध्ये सीमेवरच्या नको असलेल्या लोकांना आतल्या भागात हलवणार अशी कुजबुज सुरू झाली. त्याच आठवड्यात एका दुपारी हूगो आइखहॉर्न, त्याची बायको आडेलहाइड आणि सहा वर्षांचा फोल्कमार हातगाडीवर दाताळी टाकून गवत वाळवायला म्हणून कुरणावर गेले, आणि परत आलेच नाहीत. दुकानात त्यांची विक्रेती एकटीच होती. लीना बेट्स. अठ्ठावीस वर्षांची, लांब हाताची, पटापट पुड्या बांधणारी.

लीनाला दोन दिवस गावच्या कचेरीत बसवून ठेवलं. तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढाच प्रश्न. तिसऱ्या दिवशी तिला आतल्या भागात नेणाऱ्या एका ट्रकवर चढवलं. बरोबर एक सूटकेस आणि भिंतीवरचं घड्याळ. चौदा वर्षांची गेर्लिंडे कुंपणाशी उभी राहून बघत होती. वर्षभरानं दुकान कोन्झूम म्हणून पुन्हा उघडलं तेव्हा तिला मिळालेल्या एप्रनच्या खिशावर निळ्या दोऱ्यानं 'ल' भरलेला होता. कापड चांगलं होतं. तिनं तो दहा वर्षं वापरला.

सदतीस वर्षं ती त्या गल्ल्यामागे उभी राहिली. नवरा एकहार्ट पाटीच्या दगडाच्या खाणीत होता, मूलबाळ नव्हतं. संत्री आली की कुणाला किती द्यायची, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाला केकसाठी बेदाणे बाजूला ठेवायचे, हे सगळं तिच्या डोक्यात असे. "संपलंय, मागवलंय" हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की एकहार्ट म्हणायचा, हिच्या थडग्यावरही हेच कोरतील.

मग नव्वद सालचा जुलै उजाडला.

देशाचे दोन भाग करणारी भिंत आदल्या वर्षीच पडली होती. पण दुकानाच्या दृष्टीनं खरी उलथापालथ पूर्वेचा पैसा जाऊन पश्चिमेचा आला त्या दिवशी झाली. शनिवारी गेर्लिंडेनं फळ्यांवरचा जुना माल उतरवला, रविवारी पश्चिमेकडून आलेला ट्रक रिकामा केला, आणि सोमवारी सकाळी सात वाजता ती स्वतःच्याच दुकानात एखाद्या पाहुणीसारखी उभी राहिली. काय कुठं ठेवलंय ते ठाऊक होतं, पण काय ठेवलंय ते कळत नव्हतं. नुसतं दहीच चौदा प्रकारचं. साबण कुठला आणि कपडे मऊ करायचा द्रव कुठला, हे बाटलीवरच्या बाईच्या हातात काय आहे त्यावरून ओळखायचं. लोक विचारत, "हे कसं लागतं?" आणि ती पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवी.

आल्फोन्स ड्रेसेल हे तिचं रोजचं गिऱ्हाईक. एकसष्ट वर्षांचा विधुर, बाहुल्यांचे काचेचे डोळे फुंकून बनवायचा. त्यानं एक हिरवं, खवल्याखवल्यांचं फळ उचललं आणि हे काय म्हणून विचारलं. पाटीवर 'आर्टिचोक' लिहिलं होतं. गेर्लिंडे म्हणाली, नवलकोलासारखं उकडून बघा. दुसऱ्या दिवशी तो आला तो गाल धरूनच.

"दोन तास उकडलं," तो म्हणाला. "सगळं खाल्लं, काट्यांसकट. पश्चिमेतली माणसं इतकी त्रासलेली का असतात ते आज कळलं मला."

ती हसली खरी, पण तिला मनातून शरम वाटली. गिऱ्हाइकाला माल सांगता येऊ नये म्हणजे मग आपण कोण? आणि सीमेपलीकडे अर्ध्या तासावर एक भलंमोठं दुकान होतं. गाव आता रविवारी चर्चला जावं तसं शनिवारी तिकडे जाऊ लागलं होतं.

अशातच आइखहॉर्नांचं पत्र आलं. फोल्कमार आता चव्वेचाळीस वर्षांचा, कोबुर्गात त्याचं चष्म्यांचं दुकान. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई त्र्याऐंशीची, तिला एकदा दुकान बघायचंय, मंगळवारी आलो तर चालेल का, एवढाच मजकूर. पत्र सभ्य होतं, पण गावानं त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. घर परत मागायला येतायत. एकहार्ट म्हणाला, "चष्मेवाला आहे, नीट बघून मगच घेईल." गेर्लिंडेला विनोद आवडला नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते दोघं राहत होते, चोवीस वर्षं.

मंगळवारी दहाच्या सुमाराला फिक्या रंगाची मोठी गाडी दारात थांबली. फोल्कमारनं हात धरून आईला उतरवलं. लहानखुरी, ताठ, ऐन जुलैत तपकिरी लोकरीचा कोट घातलेली. गेर्लिंडेनं बोलायचं वाक्य तयार ठेवलं होतं, "या, तुमचंच आहे" म्हणायचं की "या, स्वागत आहे" यावर सकाळभर विचार करून. म्हातारीनं ते ऐकूनच घेतलं नाही. ती सरळ गल्ल्याकडे गेली, आत शिरायची फळी उचलली, आत आली, फळी खाली टाकली. गल्ला जुनाच होता, मागच्या भिंतीतली खणांची रांगही जुनीच. तिनं दुसऱ्या ओळीतला तिसरा खण ओढला. आत सुतळीचे गुंडे.

"लीने, दालचिनी कुठं हलवलीस?"

गेर्लिंडेनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. फोल्कमार गल्ल्यापलीकडून खाणाखुणा करत होता, कपाळाला बोट लावून मान हलवत होता. आईचं मन काही महिन्यांपासून ठिकाणावर नाही हे त्यानं पत्रात लिहिलं नव्हतं.

"संपलीय, आइखहॉर्नबाई," गेर्लिंडे म्हणाली. "मागवलीय."

हे तोंडातून गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण लीना झालो. पण आता मागे फिरायचं कसं ते तिला सुचेना. म्हातारी खूश दिसत होती. तिनं कोट काढून खिळ्याला अडकवला. खिळा बरोबर जिथं तिला वाटला तिथंच होता. मग दह्याच्या चौदा प्रकारांकडे बघून तिनं विचारलं, हे सगळं डॉक्टरांकडचं आहे का. तेवढ्यात ड्रेसेल आत आला.

"आल्फोन्स," म्हातारी म्हणाली, "आईचा खोकला कसा आहे?"

ड्रेसेलची आई अठ्ठावन्न साली गेली होती. त्यानं टोपी काढली, गेर्लिंडेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरा आहे आता, आइखहॉर्नबाई. आईनं नमस्कार सांगितलाय." मग नुसतं उभं राहणं बरं दिसेना म्हणून त्यानं सिरप मागितलं. म्हातारीनं स्वतः बाटली काढून दिली. ती कपडे मऊ करायच्या द्रवाची होती. त्यानं मुकाट्यानं घेतली.

फोल्कमारला हे बघवेना. तो अंगण बघतो म्हणून मागच्या दारानं बाहेर गेला, आणि ड्रेसेल त्याला विहीर दाखवायला गेला. दुकानात दोघीच उरल्या. म्हातारी कागदाच्या सुरळ्या करत होती. करता करता तिनं हात थांबवला आणि गेर्लिंडेचं मनगट धरलं.

"लीने, मी सहाला येते म्हणून सांगून गेले होते ना?"

"हो," गेर्लिंडे म्हणाली.

"तू ठेवलंस दुकान उघडं? सहापर्यंत?"

हे मात्र गेर्लिंडेला ठाऊक नव्हतं. "ठेवलं," ती म्हणाली.

"मला ठाऊक होतं गं, मी येणार नव्हते. कोट आधीच गवताखाली लपवून ठेवले होते. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. म्हणून नाही सांगितलं. तुला त्रास दिला का त्यांनी?"

गेर्लिंडेच्या डोळ्यांसमोर ट्रक आला. सूटकेस, आणि मांडीवर घड्याळ धरून बसलेली लीना. ती म्हणाली, "नाही. फारसा नाही."

"रागावलीस?"

"नाही."

"मग म्हण की तसं."

"काय म्हणू?"

"माफ केलं म्हण."

मनगटावरची बोटं हलकी होती, पण सुटणारी नव्हती. बाहेरून ड्रेसेलचा आवाज येत होता, विहीर किती खोल आहे ते सांगत होता. गेर्लिंडे म्हणाली, "माफ केलं, आइखहॉर्नबाई." म्हातारीनं मनगट सोडलं, एक सुरळी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "कडा आत घे, नाहीतर सांडतं."

जाताना फोल्कमार फार संकोचला होता. आईला गेल्या अकरा महिन्यांत इतकं शांत पाहिलं नव्हतं, दर मंगळवारी आणली तर चालेल का, असं त्यानं विचारलं. मग गाडीच्या दाराशी उभा राहून तो म्हणाला की घर परत मागायचा अर्ज करता येतो म्हणे, करावा की नाही तेच त्याला कळत नव्हतं. "तुमचं काय मत?"

"मला विचारता?" गेर्लिंडे म्हणाली.

"दुसरं कुणाला विचारू?" तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता. तिला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच तिला राग आला.

संध्याकाळी तिनं एकहार्टला सगळं सांगितलं. खाण बंद पडल्यापासून तो घरीच असे. तो म्हणाला, म्हातारीला बरं वाटलं ना, मग सोडून दे. पण गेर्लिंडेच्या मनातून ते जाईना. तिला वाटत राहिलं की दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपण न विचारता उचलून देऊन टाकली. लीनाचा एप्रन तिनं घातला, लीनाची जागा घेतली, आणि आता लीनाची माफीही वाटून मोकळी झाली. बरं, नाही म्हटलं असतं तर? त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला काय सांगणार होती, मी लीना नाही, आणि आजचं साल नव्वद आहे? तिला स्वतःलाच साल नव्वद आहे हे रोज फळ्यांकडे बघून पटवून घ्यावं लागत होतं.

पुढच्या मंगळवारी म्हातारी आली, त्याच्या पुढच्याही. ती दोन तास काम करी. पुड्या बांधी, गल्ला पुशी, गिऱ्हाइकांच्या मेलेल्या आईबापांची चौकशी करी. गंमत अशी की गावातले म्हातारे मंगळवारी दुकानात जास्त यायला लागले. पलीकडच्या मोठ्या दुकानात त्यांच्या आईबापांची चौकशी करणारं कुणी नव्हतं. एका मंगळवारी न्यूर्नबर्गकडचं एक जोडपं डोंगरात फिरायला आलं होतं, ते आत शिरलं. त्यातली बाई टाळ्या वाजवत नवऱ्याला म्हणाली, "अगदी एम्मामावशीचं दुकान!" पश्चिमेत असल्या छोट्या दुकानांना तसंच म्हणतात, हे गेर्लिंडेनं टीव्हीवर ऐकलं होतं. पण आपल्या दुकानाला कुणी तसं म्हणेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे कौतुक की हिणवणं, ते तिला ठरवता येईना.

"इथं एम्मा कुणी नाही," आइखहॉर्नबाई गल्ल्यामागून म्हणाल्या. "मी आडेलहाइड आणि ही लीना."

त्या दिवशी गेर्लिंडेनं ठरवलं की खऱ्या लीनाला कळवायचं. पत्ता ड्रेसेलनं काढून दिला. त्याच्या मेहुणीला ठाऊक होतं की लीना आल्टेनबुर्गला असते, खेळायचे पत्ते बनवायच्या कारखान्यात होती, लग्नानंतर फोर्केल झाली, आता एकटी आहे. पत्र लिहायला बसल्यावर गेर्लिंडे पहिल्याच ओळीला अडली. कुठल्या दुकानातून लिहितेय म्हणून सांगायचं? कोन्झूम म्हटलं तर लीनानं ते नाव या भिंतींवर पाहिलेलंच नाही, ती त्याआधीच गेलेली. आइखहॉर्नांकडून म्हटलं तर ती पत्र फाडून टाकायची. कागदावर कागद गेले. शेवटी तिनं नुसतं 'दुकानातून' लिहिलं, आणि जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, माफीसुद्धा. शेवटी लिहिलं, 'मी चुकले का ते मला समजत नाही. तुम्ही सांगा.'

दोन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, 'मंगळवारी येते.' खाली सही.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी सकाळच्या बसमधून लीना उतरली. सहासष्ट वर्षांची, उंच, आता बरीच रुंद झालेली, गुडघ्यामुळे काठी घेऊन चालणारी. दारात थांबून तिनं वर पाहिलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, भिंत ओली होती, अक्षरं दिसत होती. मग ती आत आली.

आइखहॉर्नबाई गल्ल्यामागे चष्मा लावून उभ्या होत्या. "काय देऊ, बाई?"

गेर्लिंडे पुढे आली. गेले कित्येक दिवस ती या क्षणाची तयारी करत होती आणि आत्ता तिच्या लक्षात आलं की तयारी अर्धवट आहे. "आइखहॉर्नबाई, या बघा," ती म्हणाली आणि तिथंच थांबली. या लीना, असं म्हटलं तर मग मी कोण, हे सांगावं लागणार होतं.

लीनानं काठी गल्ल्याला टेकवली. "राहू दे," ती गेर्लिंडेला म्हणाली. मग म्हातारीकडे बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ की कोपऱ्यात उभा असलेला ड्रेसेल डब्यांवरची लेबलं वाचायला लागला. शेवटी ती म्हणाली, "अर्धा पौंड कॉफी द्या."

"लीने, बाईंना कॉफी दे," म्हातारीनं गेर्लिंडेला सांगितलं.

कॉफी आता विटेसारख्या घट्ट पाकिटांत येई, दळूनच. गेर्लिंडेनं पाकीट फोडलं, तराजूवर माप घेतलं. म्हातारीनं कागदाची सुरळी केली, कॉफी ओतली, वरचं तोंड दुमडलं. बोटं सावकाश चालत होती, पण वाट चुकत नव्हती. लीना त्या बोटांकडे बघत होती.

"कडा आत घ्यायच्या राहिल्या," ती म्हणाली.

म्हातारीनं पुडी फिरवून पाहिली. "खरंच की. तुम्हीही दुकानात होता वाटतं?"

"होते. थोडे दिवस."

"कुठल्या हो?"

"आता काय सांगू," लीना म्हणाली. "नावं सारखी बदलतात त्यांची."

"ते मात्र खरं," म्हातारी म्हणाली, आणि पुडी नीट बांधून तिच्यापुढे ठेवली.

दुपारी फोल्कमार आईला घेऊन गेल्यावर दोघी दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या. गेर्लिंडेनं प्लमचा केक आणला होता, लीनानं त्याला हात लावला नाही. गेर्लिंडे एप्रनबद्दल बोलली, खिशावरच्या अक्षराबद्दल बोलली. लीना म्हणाली की कापड चांगलं होतं, हूगोनं कुलमबाखहून आणलं होतं. मग कुणी न विचारताच तिनं सांगायला सुरुवात केली.

तिला त्या दिवशी कळलं होतं. फोल्कमारनं जूनमध्ये तीन शर्ट घातले होते, एकावर एक, आणि बिचारा घामानं निथळत होता. हातगाडीवर दाताळी होती पण जेवणाची टोपली नव्हती. बाई म्हणाल्या, सहाला येते, तेव्हा लीनानं बरं म्हटलं आणि खिडकीतून ती तिघं कुरणापर्यंत जाताना पाहिली. कचेरीत दोन दिवस ती म्हणत राहिली की तिला काही माहीत नव्हतं.

"म्हणजे न सांगितल्याचा तुम्हाला राग नाहीच," गेर्लिंडे म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? दिसतच होतं मला." लीनानं काठीनं दगडांमधलं गवत उकरलं. "सहा वर्षं त्या घरात जेवले मी. पोराला अंघोळ घातली. 'चल आमच्याबरोबर' एवढं म्हणायला काय झालं होतं तिला? गाडीवर जागा होती. मी वाट बघितली म्हणेल म्हणून. अगदी फळी उचलून बाहेर जाईपर्यंत."

गेर्लिंडेनं केकची बशी तिच्याकडे सरकवली.

"तिनं माफी मागितली ती सांगितलं नाही म्हणून," लीना म्हणाली. "ती तू दिलीस, चांगलं केलंस. ती माझी नव्हतीच. माझी तिनं मागितलेलीच नाही. आणि मागितली असती तरी दिली असती की नाही, मला माहीत नाही."

मग तिनं केकचा तुकडा तोडला. गेर्लिंडेनं विचार केला होता की लीना एकतर चिडेल, नाहीतर रडेल, आणि दोहोंपैकी काही झालं की आपल्याला मोकळं वाटेल. आता आपण चुकलो की नाही ते तिला आधीपेक्षाही कमी कळत होतं. बस आली तेव्हा लीना म्हणाली, "कॉफी जुन्यापेक्षा बरी दिसते. पुन्हा येईन."

आणि ती आली. दर दोन महिन्यांनी, नेमकी मंगळवारी. म्हातारी तिला 'आल्टेनबुर्गच्या बाई' म्हणायची आणि तिच्यासाठी पुडी विशेष नीट बांधायची. दोघी कडांवरून वाद घालत. लीनानं कधी सांगितलं नाही आपण कोण ते. गेर्लिंडेनं एकदा बस थांब्यावर विचारलंच, सांगत का नाही म्हणून. लीना म्हणाली, आता सांगितलं तर तिला दोन लीना होतील, म्हातारीचा आणखी गोंधळ उडेल. "तुझाही," तिनं पुढे जोडलं.

त्याच हिवाळ्यात जिल्ह्याच्या सहकारी संस्थेनं छोटी दुकानं सोडून द्यायचं ठरवलं. फोल्कमारनं शेवटी अर्ज केलाच. तो गावाला सांगत फिरला की हे मी रेबानबाईंसाठी करतोय, नाहीतर घर दुसऱ्या कुणाच्या घशात जाईल. ते खरं होतं का, हे गेर्लिंडेला आजही सांगता यायचं नाही. कागदपत्रांना चार वर्षं लागली. तोवर ती कुणाची भाडेकरू होती ते कुणालाच माहीत नव्हतं. पण दुकान मात्र तिनं स्वतःच्या नावावर चालू ठेवलं.

त्यासाठी नवी पाटी हवी होती. रंगारी शिडी लावून उभा राहिला आणि म्हणाला, सांगा काय लिहू. फोल्कमारचं म्हणणं एम्मामावशीचं दुकान लिहा, फिरायला येणारी माणसं खूश होतात. एकहार्टला सुपरमार्केट हवं होतं. ड्रेसेल म्हणाला, काहीही लिहा, मी आइखहॉर्नांकडेच जाणार. रंगाऱ्यानं दोनदा घड्याळ पाहिल्यावर गेर्लिंडेनं 'खाद्यपदार्थ, गे. रेबान' असं लिहायला सांगितलं, कारण त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. पाटी सुबक झाली. ती वाचून कुणी आत आलं असं तिला कधी वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतली मुलं ओरडत आली, कोन्झूममध्ये गोळ्या आल्या का.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत आडेलहाइड आइखहॉर्न वारली. झोपेतच गेली. फोल्कमारनं दुकानात फोन केला. गेर्लिंडेनं आल्टेनबुर्गला लीनाला फोनवर कळवलं आणि विचारलं, कोबुर्गला दफनाला एकत्र जाऊ या का, वाटेत भेटता येईल.

"मी नाही येत," लीना म्हणाली. "तू जा. तिला माहीत होती ती लीना तूच."

"असं कसं म्हणता?"

"मग कसं म्हणू?"

गेर्लिंडेनं फोन ठेवला. ती फुलवालीकडे गेली आणि देवदाराच्या फांद्यांचं चक्र सांगितलं. फुलवालीनं रिबिनीवर कुणाचं नाव घालायचं म्हणून विचारलं. गेर्लिंडेनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. स्वतःचं नाव घालावं, तर गेलेल्या बाईनं ते कधी ऐकलंच नव्हतं. दोन्ही घालावीत, तर फुलवालीला सगळं सांगत बसावं लागलं असतं.

"लीना," ती म्हणाली.

कबरीशी वारा फार होता. रिबिनीचं टोक सारखं उडत होतं आणि फोल्कमारनं वाकून ते एका दगडाखाली सरकवलं. तेव्हा त्यानं नाव वाचलं. त्यानं मान वर करून गेर्लिंडेकडे पाहिलं, तोंड किंचित उघडलं, जणू काही विचारणार आहे. मग त्यानं नुसताच हात पुढे केला. ती दोन्ही हातांनी तो धरून उभी राहिली. पाद्र्यानं हलक्या आवाजात विचारलं, या घरच्याच का, म्हणजे तशी ओळीत उभं राहायची जागा दाखवता येईल. फोल्कमार म्हणाला, "हो, दुकानातल्या."

ती पाद्र्यानं दाखवलेल्या जागी, घरच्यांच्या ओळीत, जाऊन उभी राहिली.